आवतण

हंसराज आला तेव्हा आखाड सरत होता.
एक फाईल, दोन जोड कपडे
आणि दप्तराच्या तळाशी बिस्किटांचा अर्धा पुडा,
त्याला मी अजून हात लावलेला नाही.

राखीच्या दिवशी शेजारची वैजू ताट घेऊन आली
तर त्यानं दोन्ही हात चड्डीच्या खिशांत घातले
आणि जेवणापर्यंत काढले नाहीत.
मग जेवलाही नाही.
"हट्टी हाये पोट्टं," पुष्पाबाई म्हणाल्या.
फाईलच्या सातव्या पानावर एकच ओळ आहे:
बहीण, वय पाच, दुसऱ्या संस्थेत.
मी ते पान त्या रात्री वाचलं.
सण आधी आला, पान नंतर.
चूक माझी.

हळूहळू कळत गेलं.
दाराशी चपला वाढल्या की त्याचं पोट दुखतं.
पुरणाचा वास सुटला की तो सापडत नाही,
पऱ्हाट्यांच्या गंजीआड गुडघे पोटाशी घेऊन बसलेला असतो.
भांडं पडलं तरी मलाच विचारतो,
"म्या काय केलं?"

पोळ्याच्या आदल्या सांजेला
नवरा बैलांचे खांदे शेकत होता,
हळद, लोणी, पळसाचं पान.
कानाशी वाकून दरवर्षीचंच म्हणाला,
आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.
हंसराज मेढीला धरून उभा.
"बैलायले आधी सांगते?"
"सांगा लागते ना बावा. त्याईले उद्याचं काय ठाव?"
माझ्या हातातली ढेप हातातच राहिली.
लग्नाला एकवीस वर्षं झाली,
ते वाक्य मला त्या दिवशी ऐकू आलं.

रात्री त्याच्या अंथरुणाशी बसले.
जसं होणार तसं सांगितलं.
सकाळच्या एसटीनं माझी नणंद येईल,
ती ओरडून बोलते,
रागानं नाही, तिला कमी ऐकू येतं म्हणून.
अकरा माणसं जेवतील.
तू चुलीपाशी माझ्याजवळ बसलास तरी चालेल.
कोणी गाल ओढला तर नको म्हण,
नाही म्हणता आलं तर माझा पदर ओढ.
पोळा फुटताना गलका होईल, मग थांबेल.
दिवेलागणीला सगळे आपापल्या घरी जातील
आणि तुझं अंथरूण इथंच असेल, याच भिंतीशी.
तो छताकडं बघत होता.
"अकरात मी हावो का?"
मी पुन्हा मोजलं.
"बारा."

तान्ह्या पोळ्यासाठी सुतारानं लाकडी बैल दिला होता,
लाल चाकांचा.
गावभरची पोट्टी आपापला बैल ओढत निघाली.
हंसराजनं खिळे उपसून चाकं काढली,
बैल काखेत मारला.
"काहून रे?"
"घरंगळते थो. कुठीबी जाते."
देवळाच्या पाराजवळ कोणीतरी विचारलंच,
"कोणाचा गा तू?"
नवऱ्यानं तोंड उघडलं,
मी त्याची बाही ओढली.
हंसराज खाली बघत राहिला, बराच वेळ,
मग म्हणाला,
"बैल? बैल माहा हाये."
दहा रुपये बोजारा मिळाला त्याला,
घडी घालून बैलाच्या पोटाखाली रबरानं बांधला.

दुसऱ्या सकाळी उशीखाली मुंग्या.
पुरणपोळी, पेपरात गुंडाळलेली.
मी रागावले नाही, असं लिहायला आवडलं असतं.
आधी रागावले.
मग झाकणाचा डबा आणला,
यात ठेव म्हटलं, उशीपाशीच ठेव.

आता भुलाबाई बसली आहे, रात्री पोरींची गाणी ऐकू येतात,
आणि तो आत्तापासून विचारतो,
"दिवाळीले कोण कोण?"
आम्ही बोटांवर मोजतो.
आत्या, मामा, वैजू, पुष्पाबाई...
दरवेळी तो करंगळी मिटलेली ठेवतो.
वर्ध्याच्या कार्यालयात मी अर्ज दिला आहे,
भाऊबीजेच्या एका दुपारीसाठी.
उत्तर आलेलं नाही.
म्हणून बोलत नाही.
माणूस येणार हे ठाऊक असल्याशिवाय
आवतण देता येत नाही.
मी फक्त मोजताना
त्या बोटाशी थोडी थांबते.